कुलूप बिल्डिंगमध्ये धरत नाहीत

"हे उघडा," मी म्हणाले.

रमणभाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दारावर निळी पाटी होती. पाटीवर व्हीलचेअरचं पांढरं चित्र. खाली कडीला पितळी कुलूप.

"मॅडम, ये तो बंदच असतं," रमणभाई म्हणाले. ते त्या कार्यालयाचे केअरटेकर. गुजराती, हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारे. सिल्वासात बरेच जण तसंच बोलतात.

"बंद का?"

"नवं आहे ना."

इमारत सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. मी तसं म्हणाले नाही. चावी आणायला सांगितली.

चावी यायला वेळ लागला, म्हणून तेवढ्यात माझं काम काय ते सांगते. मी आर्किटेक्ट आहे. मूळची चिपळूणची, लग्नानंतर सिल्वासाला आले. इथे एका फर्ममध्ये नोकरी करते. सरकारी इमारतींमध्ये दिव्यांग माणसाला एकट्याने येता येतं का, फिरता येतं का, काम उरकून बाहेर पडता येतं का, हे मोजून तपासायचं आणि रिपोर्ट द्यायचा, असं काम आमच्या फर्मकडे आलं होतं. त्याला अ‍ॅक्सेस ऑडिट म्हणतात. टेप, उतार मोजायचं यंत्र आणि एक मोठा छापील तक्ता घेऊन मी फिरत होते. कार्यालयाचं नाव सांगत नाही. लोक तिथे दाखले काढायला येतात, एवढं पुरे.

रमणभाईंनी कुलूप काढलं. आत पाऊल टाकलं आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, कारण असं क्वचित दिसतं.

दार रुंद होतं आणि बाहेर उघडत होतं. हे महत्त्वाचं. आत कोणी खुर्चीवरून पडलं आणि दार आत उघडणारं असेल, तर ते त्याच्याच अंगाला अडतं आणि मदतीला आलेला माणूस बाहेर अडकतो. खुर्ची गोल फिरवायला जागा होती. कमोडच्या एका बाजूला भिंतीत घट्ट बसवलेला स्टीलचा बार, दुसऱ्या बाजूला वर उचलता येणारा बार. खुर्चीवरून कमोडवर सरकताना सगळं वजन या बारवर येतं. मी लटकून पाहिलं. हलला नाही. बेसिनखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा. आरसा किंचित पुढे कललेला, बसलेल्या माणसाला तोंड दिसेल असा.

कमोडच्या झाकणावर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं.

"हे कोणी वापरलंच नाही?" मी विचारलं.

"कौन वापरेगा?" रमणभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

कार्यालयाचे अधीक्षक परमारसाहेब. निवृत्तीला टेकलेले, मवाळ बोलणारे. मला बसवलं, चहा मागवला. मी कुलपाचं विचारलं.

"मॅडम, खुला रखेंगे तो चार दिन में बरबाद हो जाएगा. पब्लिक कैसी है आपको मालूम है. इतना अच्छा बना है, अच्छा ही रहना चाहिए ना."

"पण ज्याला गरज आहे तो काय करणार?"

"चावी माँग लेगा. हम कहाँ ना बोलते हैं?"

"तुमच्या स्टाफमध्ये कोणी आहे का, व्हीलचेअर वापरणारं?"

"एक बहन है. दाखले के काउंटर पे. वैशालीबेन. बहुत अच्छा काम करती है." मग जरा अभिमानाने म्हणाले, "उसने तो आज तक चावी माँगी ही नहीं."

मी काउंटरकडे गेले. जेवणाची सुट्टी होती. वैशाली टेबलाशी डबा उघडून बसली होती. माझ्यापेक्षा लहान, केस घट्ट बांधलेले, कपाळावर छोटी टिकली. मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला. तिचे वडील अमळनेरहून यार्नच्या कारखान्यात कामाला आले, ती इथेच वाढली, इथेच शिकली, परीक्षा देऊन क्लार्क झाली. नवरा प्रकाश नरोलीच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर. लग्नानंतर दोन वर्षांनी नरोली रोडवर ट्रकने त्यांच्या बाईकला मागून उडवलं. प्रकाशला खरचटलं. वैशालीचा मणका गेला. कमरेखाली काही कळत नाही. बरेच महिने दवाखान्यात आणि मग घरी काढून ती परत कामावर आली. साहेबांनी तिला वरच्या मजल्यावरून खाली काउंटर दिला, टेबलाची उंची बदलून दिली. हे तिने मला आवर्जून सांगितलं.

ती कोरडी पोळी आणि बटाट्याची भाजी खात होती. घास अडकत होता. टेबलावर पाण्याची बाटली नव्हती. मी माझी बाटली पुढे केली.

"नको ताई. मी ऑफिसात पाणी पीत नाही."

"अजिबात?"

तिने आजूबाजूला पाहिलं. मग कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघत हळू आवाजात सांगितलं. मणक्याला मार बसला की लघवीची जाणीव जाते. ती आपणहून नीट होतही नाही. दर काही तासांनी एक बारीक नळी घालून ती काढावी लागते. जागा स्वच्छ हवी, हात धुवायला पाणी हवं, दार लावता यायला हवं. घरी ते जमतं. जवळच आमलीत त्यांनी तळमजल्यावरची खोली मुद्दाम शोधली होती आणि प्रकाशने बाथरूमचा उंबरा स्वतः फोडून काढला होता. ऑफिसात बायकांचं टॉयलेट आहे, पण त्याचं दार अरुंद. खुर्ची आत जात नाही.

"मग दिवसभर?"

"डायपर लावते. आणि पाणी पीत नाही. सकाळी चहा पण नाही. प्रकाशची शिफ्ट लवकर असते ना, तो मला आधी सोडून जातो, मग सुटल्यावर घ्यायला येतो. तोपर्यंत निभावून नेते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या." ती हसली. ओठ फुटलेले होते, हसताना तिने त्यावर बोट धरलं.

"चावी का नाही मागत?"

"मागितली होती की. या नव्या बिल्डिंगमध्ये आलो त्याच आठवड्यात. रमणभाई बाहेर कामाला गेलेले. मग परत मागितली तर साहेब म्हणाले, मोठे साहेब बिल्डिंग बघायला येणारेत, तोवर राहू द्या. ते येऊन गेले. मग परत मागायची माझीच हिंमत झाली नाही." डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "ताई, रोज दोनदा सगळ्यांसमोर संडासची चावी मागायची. समोर लोकांची लाइन. कसं वाटतं ते तुम्हाला कळेल."

मला कळत होतं.

"मी रिपोर्टमध्ये लिहिते."

"माझं नाव नका टाकू. साहेब वाईट नाहीत. एवढं केलंय माझ्यासाठी. आता संडाससाठी भांडणारी बाई म्हणून नाव नको व्हायला."

मी नाव टाकलं नाही. तक्त्यात 'दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह उपलब्ध' असा एक रकाना असतो. पुढे हो किंवा नाही. मी 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या फर्मचे मालक भरतभाई यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भरतभाई मूळचे वलसाडचे, कॉलेज मुंबईत झालेलं, मराठी उत्तम. रिपोर्ट त्यांच्यासमोर उघडा होता.

"नीलिमाबेन, दरवाजाची रुंदी बरोबर?"

"बरोबर."

"बार?"

"बरोबर."

"फिरायची जागा, बेसिन, आरसा?"

"सगळं बरोबर. सिल्वासात एवढं नीट केलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही."

"मग 'नाही' कसं लिहिलं?"

"कुलूप आहे."

भरतभाईंनी चष्मा काढला. "कुलूप बिल्डिंगमध्ये धरत नाहीत. कुलूप मॅनेजमेंटमध्ये येतं. आपला स्कोप बिल्डिंगचा."

"भरतभाई, रकान्यात 'बांधलेलं' असं नाही लिहिलेलं. 'उपलब्ध' लिहिलंय."

त्यांनी तो रकाना पुन्हा वाचला. त्यांना क्लायंट नाराज करायचा नव्हता, पण चुकीचं लिहून सहीही करायची नव्हती. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. त्यांना एक संधी देऊ. कुलूप काढा म्हणावं. री-इन्स्पेक्शनला परत जा. उघडं असेल तर हो लिहा."

री-इन्स्पेक्शन म्हणजे फेरतपासणी. ती सांगून होते. तारीख ठरवून गेले, तर परमारसाहेब स्वतः दाराशी उभे. आत साबण, टॉवेल, सुगंधाची बाटली, एका कोपऱ्यात मनी प्लांट. झाकणावरचं प्लॅस्टिक काढलेलं. मी म्हणाले, "साहेब, नुसतं कुलूप काढून चालणार नाही. कडीच काढा." रमणभाईंनी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि माझ्यासमोर कडी-कोयंडा काढला. आतून लावायला खटका होता, तो तेवढा ठेवला.

"अब खुश, मॅडम?" परमारसाहेब म्हणाले. तेही खूश दिसत होते.

मी वैशालीला बोलावलं. तिला विचारलं, एकदा वापरून बघणार का. ती खुर्ची ढकलत आत गेली. मी आणि परमारसाहेब लांब व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. ती बाहेर आली तेव्हा हात पुसत होती. काउंटरवर गेली आणि शेजारच्या क्लार्कच्या बाटलीतून पाणी प्यायली. थांबत थांबत, पण बाटली संपेपर्यंत.

मी रकान्यात 'हो' लिहिलं. भरतभाईंनी सही केली. कार्यालयाला प्रमाणपत्र मिळालं. त्यांनी ते फ्रेम करून आत शिरल्यावर दिसेल असं लावलं.

त्यानंतर काही आठवडे वैशाली मला अधूनमधून मेसेज करायची. एकदा ताकाच्या ग्लासाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'दुपारी जेवणासोबत!' मी तो प्रकाशच्या बायकोने पाठवलेला फोटो म्हणून घरी नवऱ्याला दाखवला, कारण प्रकाश ज्या कंपनीत आहे तिथे माझ्या नवऱ्याचे काही ओळखीचे आहेत. आम्हा दोघांना चांगलं वाटलं. काम करून कोणाचं काही भलं होतं, हे आमच्या धंद्यात रोज दिसत नाही.

मग शाळा-कॉलेजच्या अ‍ॅडमिशनचे दिवस आले. त्या दिवसांत त्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. अथाल, नरोली, खानवेलकडून माणसं सकाळीच येऊन बसतात. त्यातच लोकांसाठीच्या मोठ्या टॉयलेटची मोटर जळाली. पाणी बंद. परमारसाहेबांनी त्याला टाळं लावलं. आता सगळ्या इमारतीत लोकांना उघडं असं एकच टॉयलेट उरलं, निळ्या पाटीचं.

लोकांचा काय दोष? जायचं कुठे त्यांनी? सफाईवाली बाई सकाळी एकदा येऊन जायची. दुपारपर्यंत आत जाववत नसे. फरशीवर पाणी, चिखल, तुंबलेलं बेसिन. उचलता येणाऱ्या बारवर कोणीतरी लहान मुलाला बसवलं आणि तो बार बिजागरीत वाकला.

वैशालीने मला फोन केला. "ताई, नळी घालायची असते हो. अशा जागेत कशी घालू? इन्फेक्शन होईल."

"साहेबांना सांगा."

"सांगितलं. ते म्हणाले, बघतो."

त्यांनी बघितलं. त्या आठवड्यात बार दुरुस्त झाला, फरशी घासली गेली आणि दाराला नवं कुलूप आलं. आता दारातच बसवलेलं, चावीशिवाय न उघडणारं. एकच चावी, आणि ती परमारसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये. रमणभाईंवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता, ते म्हणे कोणालाही चावी देऊन टाकतील.

मी त्याच सुमारास दुसऱ्या कामासाठी तिथे गेले होते. कुलूप पाहिलं आणि सरळ केबिनमध्ये शिरले.

"साहेब, परत कुलूप?"

"मॅडम, आपने देखा नहीं क्या हालत हुई थी. मैं वैशालीबेन के लिए ही बंद किया. अब सिर्फ उसके लिए साफ रहेगा."

"मग एक चावी त्यांच्याकडे द्या."

"हाँ हाँ. डुप्लिकेट बनवा देता हूँ."

मी भरतभाईंकडे गेले. ते म्हणाले, "प्रमाणपत्र देऊन झालं. आपलं काम संपलं. आता आपण कुठल्या अधिकाराने बोलायचं?" मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तुम्ही बोललात ना त्यांच्याशी? ते करतो म्हणाले ना? मग थोडी वाट बघा."

वाट बघितली. डुप्लिकेट आली नाही. परमारसाहेब कधी नाही म्हणाले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "कल पक्का." ते मीटिंगला मुख्य कार्यालयात गेले की केबिन बंद, ड्रॉवर बंद. असले तर समोर माणसं बसलेली. वैशाली दारात खुर्ची थांबवायची. ते बोलणं थांबवून, सगळ्यांच्या देखत, ड्रॉवर उघडून चावी पुढे करायचे. हसून, आदराने. तिने मला सांगितलं, "ते हसतात तेच नको वाटतं, ताई."

मग एक दिवस तिने आपणहून अर्ज दिला. स्वतःच्या नावाने, सहीने. 'मला वैद्यकीय कारणासाठी स्वच्छतागृहाची एक चावी कायमची मिळावी.' आधी जी बाई माझं नाव टाकू नका म्हणत होती, तिने हे केलं. मला फोनवर वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय का?" मी म्हणाले, एकदम बरोबर.

परमारसाहेबांनी अर्ज वाचला. "अरे बहन, अर्ज कशाला? बोललं तरी पुरतं." पण अर्ज आल्यावर तो आता कागद झाला. कागद पुढे पाठवावा लागतो. इमारतीची देखभाल दुसऱ्या खात्याकडे, कुलूप त्या खात्याच्या मालमत्तेत. डुप्लिकेट चावीला त्यांची परवानगी हवी. फाइल तिकडे गेली. आधी जी चावी 'कल पक्का' होती, ती आता 'परवानगी आल्यावर' झाली.

वैशालीने पाणी पिणं पुन्हा बंद केलं. मला कळवलं नाही. ताकाचे फोटो यायचे थांबले, तेव्हाही मला वाटलं की कामाची गर्दी असेल.

एका दुपारी प्रकाशचा फोन आला. त्याच्याशी मी आधी कधी बोलले नव्हते. "मॅडम, मी वैशालीचा मिस्टर. तिला काउंटरवरच थंडी वाजून ताप भरला. बोलता बोलता मान टाकली. दवाखान्यात आणलंय. ते म्हणून राहिले की किडनीला लागलंय. तुमच्या ओळखीत कोणी मोठा डॉक्टर आहे का?"

ओळखीने वापीचे एक डॉक्टर मिळाले. त्यांनी रिपोर्ट बघितले. मला बाहेर बोलावून साध्या शब्दांत सांगितलं. लघवी वेळेवर काढली नाही की ती उलट वर चढते. पाणी कमी, जंतू जास्त. हे आजचं नाही, बऱ्याच महिन्यांचं आहे. एक किडनी जवळजवळ कामातून गेली आहे. दुसरी वाचवायची.

"थोडं आधी आलं असतं तर?" मी विचारलं.

"आधी पाणी प्यायली असती तर," ते म्हणाले.

मी तिला भेटायला गेले तेव्हा ती शुद्धीत होती. हाताला सलाईन. चेहरा सुजलेला. प्रकाश कंपनीच्या निळ्या शर्टातच स्टुलावर बसला होता. तो शिफ्ट सोडून आला होता आणि सुपरवायझरचे फोन येत होते, तो ते कट करत होता.

"ताई, काउंटरवर आता कोण बसतं?" तिने विचारलं.

"तो विचार आता करू नका."

"अ‍ॅडमिशनचे दिवस अजून संपले नाहीत. लोकांचे दाखले अडकतील."

तेवढ्यात रमणभाई आले. हातात सफरचंदांची पिशवी. ती त्यांनी कॉटवर ठेवली आणि शर्टच्या खिशातून काहीतरी काढलं. कागदाच्या पुडीत बांधलेली चावी होती.

"साहेबांनी पाठवली," ते म्हणाले. "परवानगी आली, बेन. ये तुम्हारी. कायमची."

त्यांना वाटत होतं की ते चांगली बातमी आणत आहेत. त्यात काहीच खोटं नव्हतं. वैशालीने पुडी हातात घेतली. उघडली नाही. "थँक यू, रमणभाई," म्हणाली आणि ती उशीखाली ठेवली. प्रकाश उठून बाहेर गेला. मीही त्याच्या मागे गेले. तो व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"उंबरा मी एका रविवारात फोडला होता, मॅडम," तो म्हणाला. "घण आणि छिन्नी घेऊन. कोणाची परवानगी नव्हती लागली."

मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

ती वाचली. पण रोज ऑफिसला येण्यासारखी राहिली नाही. पथ्य, तपासण्या, पुन्हा पुन्हा येणारा ताप. प्रकाश एकटा नोकरी आणि तिचं बघणं दोन्ही करू शकत नव्हता. ती लांब रजेवर गेली. सासूबाई तिला अमळनेरला घेऊन गेल्या. प्रकाश आमलीची खोली सोडून कंपनीतल्या तिघांबरोबर नरोलीला राहायला गेला आणि सुट्टीला अमळनेरला जाऊ लागला. जाण्याआधी तिने चावी रमणभाईंकडे परत केली. पावती घेतली का, हे मी विचारलं नाही. ती क्लार्क होती, घेतली असणार.

काही महिन्यांनी परमारसाहेबांचा मला फोन आला. आधी तब्येतीची चौकशी. मग मुद्दा.

"मॅडम, एक टेक्निकल सलाह चाहिए. वो जो टॉयलेट है ना, उसकी दीवार नए बड़े साहेब आए हैं, उनके चेंबर को लगती है. साहेब को अटॅच्ड नहीं है. अंदर से एक दरवाजा निकाल दें तो? बहुत अच्छा बना है, यूँ ही पड़ा है."

"ते दिव्यांगांसाठी आहे, साहेब."

"हाँ, लेकिन अभी तो हमारे यहाँ वैसा कोई है नहीं."

"होतं," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "हाँ. थी." आणि फोन ठेवला.

मी त्यांना लेखी कळवलं की असा बदल करता येणार नाही. बांधकाम बदललं तर प्रमाणपत्र रद्द करावं लागेल. भरतभाईंनी त्यावर लगेच सही केली. साहेबांचा दरवाजा निघाला नाही. माझ्या नकारामुळे की फाइल कुठेतरी थांबली म्हणून, ते माहीत नाही. टॉयलेट आहे तसं आहे. बंद. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा आत चकाचक होतं.

मधे वैशालीशी फोनवर बोलले. आवाज बारीक झालाय. म्हणाली, दिवसभर पाणी पिते, सासूबाई तांब्या भरून शेजारी ठेवतात. मग विचारलं, "ताई, माझ्या जागेवर कोणी आलं का? माझ्यासारखं?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली.

मी अजून ऑडिट करते. दोन गोष्टी बदलल्या. एक, ठरलेल्या दिवसाआधी मी कधीतरी एकदा न सांगता जाऊन येते, कारण तारीख कळवली की इमारत आंघोळ करून बसते. दुसरी, स्टाफमध्ये कोणी व्हीलचेअरवर असलं, तर टेप काढायच्या आधी त्यांना विचारते की दिवसभरात पाणी किती पिता. भरतभाई म्हणतात, हा प्रश्न फॉरमॅटमध्ये नाही. मी उत्तर शेऱ्याच्या रकान्यात लिहिते. शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही. भरावा मात्र लागतो, म्हणून भरते.